भूल : हैदराबादचे क्लोरोफॉर्म आयोग आणि मानवी संवेदनांची मर्यादा

मराठी भाषेत ‘भूल’ हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला देतात ती भूल. डोळ्यांदेखत असलेली वस्तू न दिसणे किंवा नसलेली दिसणे हीही भूलच. रानात ओळखीच्या वाटेवर फिरून फिरून त्याच जागी येणाऱ्या माणसाला रानभूल पडली, असे जुनी माणसे म्हणत. पहिल्या भुलीत संवेदना मालवतात. दुसरीत त्या जाग्या असतात, परंतु मन त्यांना भलताच अर्थ लावते. हैदराबाद शहरात १८८८ व १८८९ या दोन वर्षांत जे प्रयोग झाले, त्यांत या दोन्ही भुली एकाच मेजाभोवती एकत्र आल्या. मेजावर क्लोरोफॉर्म दिलेला जीव होता, आणि भोवती उभे होते त्या काळातील नामवंत वैद्य. ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग’ या नावाने वैद्यकाच्या इतिहासात नोंदल्या गेलेल्या त्या प्रयत्नाकडे सहसा औषधशास्त्राच्या अंगाने पाहिले जाते. परंतु माणूस कसा पाहतो, काय पाहतो आणि काय पाहण्याचे राहून जाते, या मानसशास्त्राच्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीनेही तो तितकाच बोधप्रद आहे.

वेदनेचा अंत आणि नवे भय

ऑक्टोबर १८४६ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथरच्या वाफेने रुग्णास बेशुद्ध करून वेदनारहित शस्त्रक्रिया शक्य असल्याचे जाहीरपणे दाखविले. त्यापूर्वी शल्यवैद्याचे कौशल्य मोजले जाई ते मुख्यतः त्याच्या हाताच्या वेगावरून, कारण रुग्णाला धरून ठेवण्यालाही मर्यादा असे. ईथरची वार्ता थोड्याच महिन्यांत कलकत्त्यापर्यंत पोचली. नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिनबरो येथील जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू केला. क्लोरोफॉर्म ईथरपेक्षा वासाला सुखद, थोड्या प्रमाणात पुरेसा आणि शीघ्र परिणाम करणारा असल्याने ब्रिटिश साम्राज्यात त्याचाच प्रसार अधिक झाला.

परंतु या वरदानाला लागलीच गालबोट लागले. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडच्या उत्तर भागात हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाच्या नखाची किरकोळ शस्त्रक्रिया होत असताना क्लोरोफॉर्मखाली काही मिनिटांत मरण पावली. ती मुलगी त्या वेळी अतिशय घाबरलेली होती, अशी नोंद आहे. पुढील काळात असे मृत्यू अधूनमधून घडतच राहिले. तेही पुष्कळदा निरोगी माणसांचे, क्षुल्लक शस्त्रक्रियेच्या वेळी आणि भूल पुरती चढण्यापूर्वीच. कारण कोणालाच निश्चित सांगता येईना. क्लोरोफॉर्मने प्रथम श्वास थांबतो की हृदय, हा वाद सुरू झाला आणि तो अर्धशतकाहून अधिक काळ चालला.

हा वाद केवळ विद्वानांचा नव्हता. भूल देणाऱ्याचे डोळे दोन व हात दोन; रुग्ण शुद्धीवर नसल्याने तो काही सांगू शकत नाही. अशा वेळी लक्ष कोठे ठेवावे? मनगटावरील नाडीवर, की छातीच्या वरखाली होण्यावर? लंडनच्या बहुसंख्य वैद्यांचा भर नाडीवर होता. एडिनबरोचे प्रख्यात शल्यवैद्य जेम्स साइम यांची शिकवण नेमकी उलटी होती : श्वासाकडे पाहा, नाडीकडे पाहू नका. ज्या खुणेकडे लक्ष, तिच्यावरूनच धोका ओळखायचा. म्हणजे लक्षाची जागा चुकली तर रुग्णाचा जीवच जायचा.

हैदराबादेतील प्रयोग

साइम यांच्या हाताखाली तयार झालेले एडवर्ड लॉरी १८८५ साली हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन म्हणून आले. १८४६ साली स्थापन झालेल्या हैदराबाद वैद्यकीय शाळेची धुराही त्यांच्याकडे आली. मराठवाड्याचे जिल्हे त्या वेळी याच निजामी राज्यात मोडत. अफझलगंजच्या रुग्णालयात लॉरी आपल्या विद्यार्थ्यांना साइम यांचाच धडा देत : कापडाच्या साध्या टोपीने क्लोरोफॉर्म द्यावा, वाफेबरोबर हवा भरपूर मिळू द्यावी, आणि सारे लक्ष श्वासावर ठेवावे. सहस्रावधी रुग्णांना या रीतीने भूल दिल्याचा त्यांचा अनुभव होता आणि गुरूच्या वचनावर त्यांची अढळ श्रद्धा होती.

या शाळेने आणखी एक गोष्ट केली, तिचा उल्लेख येथे अवश्य व्हावयास हवा. तिने स्त्रियांना प्रवेश दिला. रूपाबाई फर्दुनजी या पारशी विद्यार्थिनीने याच शाळेत शिक्षण घेतले आणि पुढे अनेक वर्षे हैदराबादेत भूल देण्याचे काम केले. जगातील आरंभीच्या स्त्री-भूलतज्ज्ञांमध्ये त्यांची गणना होते.

आपले मत प्रयोगाने सिद्ध व्हावे म्हणून लॉरी यांनी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारच्या साहाय्याने १८८८ साली पहिला आयोग नेमविला. पॅट्रिक हेहिर प्रभृती वैद्यांनी शंभराहून अधिक कुत्र्यांवर प्रयोग केले आणि निर्वाळा दिला की प्रत्येक वेळी श्वास आधी थांबतो, हृदय मागाहून. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाला हा निष्कर्ष मान्य होईना. तेव्हा निजाम सरकारने १,००० पौंड देऊ केले आणि ‘लॅन्सेट’नेच आपला तज्ज्ञ पाठवून खातरजमा करावी, असे आवाहन केले. प्रयोगाला विरोध करणाऱ्यासच खर्च देऊन साक्षीला बोलावणे, ही त्या काळी काय किंवा आज काय, दुर्मीळच गोष्ट म्हणावी लागेल.

‘लॅन्सेट’ने थॉमस लॉडर ब्रंटन यांना धाडले. हृद्‌रोगाच्या वेदनेवर अमिल नायट्राइटचा गुण १८६७ साली दाखवून देणारे हेच ते औषधशास्त्रज्ञ. अपुऱ्या भुलीत बसलेल्या आघाताने हृदय थांबत असावे, असे हैदराबादेस येण्यापूर्वी त्यांचे मत होते. १८८९ च्या अखेरच्या महिन्यांत दुसऱ्या आयोगाचे काम झाले. लॉरी व ब्रंटन यांच्याबरोबर बॉमफर्ड आणि रुस्तमजी हकीम हे सदस्य होते. कुत्री, घोडे, माकडे, शेळ्या, मांजरे व ससे मिळून चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग करण्यात आले. त्यांपैकी सुमारे सव्वाशे प्रयोगांत रक्तदाबाचा आलेख यंत्राने फिरत्या नळकांड्यावर उमटविला गेला. एवढ्या मुक्या जीवांची ही किंमत आजच्या वाचकाला अस्वस्थ केल्यावाचून राहणार नाही. त्या काळीही प्राणिप्रयोगांविरुद्ध आवाज उठत होताच.

ब्रंटन यांचे मत पालटले. धोका गुदमरण्याचा व अतिमात्रेचा आहे, हृदयावर थेट आघात होत नाही, असा अहवाल आयोगाने दिला. काही आलेखांत हृदयाची गती एकाएकी मंदावलेली दिसत होती. परंतु आयोगाने तिचा अर्थ असा लावला की, ही शरीराचीच बचावाची युक्ती आहे : हृदय मंद झाल्याने विष अंगभर पसरत नाही. लॉरी यांच्या दृष्टीने वाद येथे मिटला.

दिसणे आणि उमजणे

वाद मिटला नव्हता. तो आता पाहणाऱ्यांच्या पाहण्याविषयीचा होऊन बसला होता. येथे क्षणभर मानसशास्त्राकडे वळणे आवश्यक आहे.

इंद्रियावर बाह्य वस्तूचा परिणाम होऊन जी पहिली जाणीव होते तिला संवेदन म्हणता येईल; त्या जाणिवेला पूर्वानुभवाच्या व अपेक्षेच्या आधारे अर्थ देऊन ‘हे अमुक आहे’ असे मन ठरविते, तो अवबोध. आपल्याकडील नैयायिकांनी निर्विकल्पक व सविकल्पक प्रत्यक्ष असा जो भेद केला आहे, तो याच वाटेने जाणारा आहे. दोरीच्या जागी साप दिसतो तेव्हा डोळ्याने काही चूक केलेली नसते. अंधुक उजेडातील लांबट, वळसेदार आकार त्याने इमानाने पोचविलेला असतो. साप घडवितो तो भ्यालेल्या मनाचा अर्थ.

युरोपात या विषयाचे शास्त्र त्याच शतकात उभे राहत होते. जर्मनीत अर्न्स्ट हाइनरिख वेबर यांनी हातावर वजने उचलावयास लावून दाखविले की, दोन वजनांतील फरक कळण्यासाठी तो ठराविक प्रमाणात असावा लागतो. उचललेल्या वजनात साधारण चाळिसाव्या भागाचा. ४० तोळ्यांत १ तोळ्याची भर हाताला कळेल, पण ४०० तोळ्यांत तीच भर कळणार नाही. तेथे १० तोळे हवेत. फेख्नर यांनी १८६० साली या विचाराला ग्रंथरूप दिले, आणि १८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. इंद्रियांना उंबरठा असतो, आणि त्याच्या आतला बदल घडूनही जाणवत नाही, हे या संशोधनाचे सार होय. कणाकणाने क्षीण होत जाणारी नाडी बोटाखाली असूनही वैद्याच्या ध्यानात का येऊ नये, याचे एक उत्तर येथे सापडते.

दोन माणसांची इंद्रिये एकाच घटनेची नोंद सारखीच करतात असेही नाही. १७९६ साली ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख मॅस्केलिन यांनी आपला मदतनीस किनेब्रूक यास कामावरून दूर केले, कारण ताऱ्याच्या संक्रमणाची त्याने टिपलेली वेळ त्यांच्या वेळेपेक्षा सुमारे ०.८ सेकंद मागे पडत असे. हा त्याचा निष्काळजीपणा नसून प्रत्येक निरीक्षकाचा असा एक स्वतःचा फरक असतो, हे पुढे बेसेल या ज्योतिर्विदाने दाखविले. हैदराबादच्याच निजामिया वेधशाळेने विसाव्या शतकात आकाशाच्या छायाचित्र-सूचीच्या आंतरराष्ट्रीय कार्यात भाग घेतला. तेथेही ताऱ्याची प्रतिमा काचेवर स्थिर झाली, परंतु काचेवरील ठिपका मोजावयास पुन्हा माणसाचाच डोळा लागला.

आयोगाच्या आलेखांचे नेमके असेच झाले. रेषा यंत्राने काढली होती. तिच्यात पक्षपात नव्हता. वाचणारा मात्र माणूस होता. वाङ्मयाच्या उपासकांना हा अनुभव नवा नाही. मुद्रितशोधन करणाऱ्याला स्वतःच्याच लेखातील चुका सर्वांत कमी दिसतात, कारण तो कागदावरचे अक्षर न वाचता मनातला शब्द वाचतो. जेम्स मकीन कॅटेल यांनी लाइपझिग येथे १८८६ च्या सुमारास प्रयोगाने दाखविले की ओळखीचा छोटा शब्द डोळा एका सुट्या अक्षराइतक्याच त्वरेने ओळखतो. शब्द अखंड दिसतो म्हणून वाचन वेगवान होते, आणि म्हणूनच आतले चुकलेले अक्षर निसटते. ज्या शक्तीने आपण वाचू शकतो, तीच शक्ती आपल्याला फसविते.

अवधानाचेही तसेच आहे. १९९९ साली अमेरिकेत सायमन्स व शाब्री यांनी प्रेक्षकांना एक चित्रफीत दाखवून चेंडू किती वेळा फेकला गेला ते मोजावयास सांगितले. मध्येच गोरिलाचा वेश घेतलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली, तरी जवळजवळ निम्म्या प्रेक्षकांना ती दिसली नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात फुप्फुसाच्या चित्रांतील गाठी शोधणाऱ्या २४ अनुभवी क्ष-किरणतज्ज्ञांपैकी २० जणांना त्याच चित्रात मुद्दाम घातलेली गोरिलाची आकृती दिसली नाही, आणि ती गाठीच्या कित्येक पटींनी मोठी होती. ही अज्ञ माणसांची चूक नव्हे. शोध जितका एकाग्र, तितके शोधाबाहेरचे जग अंधारात जाते. ‘नाडीकडे पाहू नका’ हा साइम यांचा उपदेश लॉरी यांनी ज्या निष्ठेने पाळला, तिचा हाच परिणाम झाला असावा, असे मानण्यास जागा आहे.

निवाडा

१८९३ साली केंब्रिजचे गॅस्केल व शोर यांनी स्वतंत्र प्रयोग केले आणि त्याबरोबरच हैदराबाद आयोगाचे निष्कर्षही तपासले. क्लोरोफॉर्म हृदयाच्या स्नायूवर थेट परिणाम करतो व रक्तदाब त्यामुळेच उतरतो, असे त्यांनी प्रतिपादन केले. आणि १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मूळ कोड्याची उकल केली. मांजरांवरील प्रयोगांत त्यांना आढळले की, क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलीत ॲड्रिनलिन रक्तात गेले तर हृदयाचे ठोके विस्कटून ते क्षणात निकामी होते.

या शोधाचा अर्थ मार्मिक आहे. ॲड्रिनलिन हा भय व धडपड यांच्या वेळी शरीरातूनच स्रवणारा पदार्थ. भूल पुरती चढलेली नाही, रुग्ण भेदरलेला आहे, हातपाय झाडीत आहे, अशा वेळीच हृदयाला सर्वाधिक धोका होता. हॅना ग्रीनरचा मृत्यू नेमका कशाने झाला, याविषयी आजही एकमत नाही. परंतु निरोगी माणसे किरकोळ शस्त्रक्रियेत का दगावत, याचा उलगडा या शोधाने पुष्कळ अंशी झाला. नाडी आणि श्वास यांवर अर्धशतक घातलेल्या वादात तिसऱ्या गोष्टीकडे कोणाचे पुरेसे लक्ष गेले नव्हते. ती म्हणजे रुग्णाचे मन.

वेदना ही केवळ जखमेची मोजणी नव्हे, तिच्यात मनाचा वाटा मोठा असतो, हेही भूलतज्ज्ञांनीच पुढे दाखविले. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर यांना आढळले की गंभीर जखमी सैनिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी वेदनाशामक औषधाची आवश्यकता नसल्याचे सांगितले. रणांगणातून जिवंत सुटल्याच्या भावनेने त्याच जखमेचा अर्थ पालटला होता. १९६५ साली मेलझॅक व वॉल यांनी मांडले की वेदनेचे संदेश मज्जारज्जूत जणू एका दारातून जातात, आणि ते दार उघडण्या-मिटण्यात मेंदूकडून खाली येणाऱ्या आज्ञांचाही भाग असतो. या सिद्धांताच्या तपशिलात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, परंतु त्याचा गाभा टिकून राहिला.

मग हैदराबादचे प्रयोग व्यर्थ गेले काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. श्वासावर सतत लक्ष ठेवावे, श्वास अडखळताच वाफ बंद करून कृत्रिम श्वास द्यावा, हा त्यांचा धडा आजही भूलशास्त्राचा पाया आहे. चूक होती ती ‘केवळ’ या शब्दात. लंडनकर केवळ नाडी म्हणत, हैदराबादकर केवळ श्वास म्हणत. जीव दोहोंवर अवलंबून होता.

माणसाच्या इंद्रियांवर भिस्त ठेवण्याची मर्यादा १९४७ साली कॉमरो व बोटेल्हो यांनी आणखी स्पष्ट केली. रक्तातील प्राणवायू कमी झाला की ओठ व नखे निळसर पडतात. ही खूण वैद्य पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले होते. परंतु प्रयोगात असे आढळले की प्राणवायूची पातळी सुमारे ८० टक्क्यांपर्यंत उतरेतो बहुतेक निरीक्षकांना निळेपणा निश्चित ओळखताच येत नाही. म्हणजे डोळा इशारा देई तो फार उशिरा. १९७० च्या दशकात जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी ज्या तत्त्वाचा शोध लावला, त्यावर आधारलेले बोटाला लावावयाचे चिमट्यासारखे उपकरण आता सर्वत्र दिसते. ते रक्तातील प्राणवायू आणि नाडी ही दोन्ही एकाच वेळी दाखविते. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी जी पडताळणी-सूची काढली, तीत भूल देण्यापूर्वी हे उपकरण रुग्णाला लावून ते चालू असल्याची खात्री करण्याचे कलम आहे. साइम आणि त्यांचे लंडनचे प्रतिपक्षी यांचा तह जणू बोटाएवढ्या चिमट्यात झाला.

अफझलगंजचे जुने रुग्णालय १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरात नष्ट झाले. पुढे त्या परिसरात उस्मानिया रुग्णालयाची भव्य वास्तू उभी राहिली. लॉरी १९१५ साली निधन पावले. त्यांच्या हयातीतच त्यांचे मत मागे पडू लागले होते. परंतु एका बाबतीत हैदराबाद आयोगाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. आपले प्रयोग, आपल्या नोंदी आणि आपले आलेख आयोगाने झाकून ठेवले नाहीत. १८९० साली ते ‘लॅन्सेट’मधून लोकांपुढे आले आणि १८९१ साली मुंबईत ग्रंथरूपाने छापले गेले. ज्यांना आयोगाचा निष्कर्ष पटला नाही, त्यांनी आयोगाचेच आलेख पुढे ठेवून त्यांचा निराळा अर्थ लावला. ज्या मंदावलेल्या ठोक्यांना हैदराबादेत बचाव म्हटले गेले होते, तेच ठोके परक्या डोळ्यांना धोक्याची खूण म्हणून दिसले.

स्वतःच्या पाहण्यातील भूल स्वतःला क्वचितच दिसते. ती दुसऱ्याला दिसते, आणि तेही मूळ नोंद शाबूत राहिली असेल तरच. त्या अहवालाच्या प्रती ग्रंथालयांच्या कपाटांतून जपल्या गेल्या, म्हणूनच एका चुकलेल्या निष्कर्षाचा पुढच्या पिढीला उपयोग झाला. बरोबर ठरलेली पुस्तके जपावीत हे कोणीही मान्य करील. चुकलेली पुस्तकेही तितक्याच आस्थेने का जपावीत, याचे उत्तर हैदराबादच्या या जुन्या आलेखांनी देऊन ठेवले आहे.